मिश्रीची डबी आणि गरोदर बाईच्या हिरड्या

(दृश्य: पहाट. चूल, लोखंडी तवा, धूर.)

निपाणी. तवा तापलाय, त्यावर मूठभर तंबाखू पडली. आच मंद ठेवायची आणि उलथणं थांबवायचं नाही, नाहीतर एका बाजूनं राख आणि दुसरीकडे कच्चा पाला राहतो. आधी नाकातोंडात जाणारा धूर उठतो, मग पाला तपकिरी आणि शेवटी एकसारखा काळा होतो. तवा उतरवून तंबाखू निवू द्यायची, हातानं चुरायची, फडक्यातून चाळायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. झाली मिश्री. ज्या गावच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूच्या वखारीत राबल्या, दारात बसून विड्या वळत आल्या, तिथं ही डबी देवळीत दिव्याशेजारी असते.

(जवळून: बोट, डबी, हिरडी.)

तर्जनी डबीत बुडते आणि हिरडीवरून फिरते. चूळ भरायची घाई नसते. सकाळी दात घासायला म्हणून सुरू झालेली मिश्री जेवणानंतर लागते, मग दुपारी कामाच्या मधेही लागते.

मिश्रीनं हिरड्या घट्ट होतात, रक्त येत नाही, असं घरोघरी सांगतात. रक्त कमी दिसतं हे खरं आहे, पण ते निकोटिनमुळे. हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आतला आजार वाढत राहतो, फक्त त्याची खूण झाकली जाते.

त्यात दिवस गेले की शरीरात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं वाढतात. दातावर रोज जमणारा पांढरा चिकट थर तोच असतो, पण हिरडी आता त्याच थरावर जास्त भडकते. दुसऱ्या महिन्यापासून ती लाल व्हायला, सुजायला लागते आणि आठव्या महिन्यापर्यंत हे वाढत जातं. पोटातल्या बाळासाठी एखादी बाई निग्रहानं मिश्री सोडते, नेमकं तेव्हाच ब्रशला रक्त लागतं. सासू म्हणते, "बघ, मिश्री सोडलीस म्हणून!" आणि डबी पुन्हा उघडते. तंबाखूनं बाळाचं वजन कमी भरतं, दिवस भरण्याआधी कळा येण्याचा धोका वाढतो.

रक्त येतंय म्हणून ब्रश बंद करायचा नाही. रक्त येतंय म्हणूनच तो नीट करायचा.

(दृश्य: नळाजवळ ब्रश करणारी बाई. कॅमेरा तोंडाजवळ.)

ब्रश मऊ केसांचा हवा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, पण ट्यूबवर फ्लोराईड 1000 पीपीएम किंवा जास्त लिहिलंय का ते बघून घ्यायचं. ब्रश तिरका धरायचा, केस दात आणि हिरडी जिथं मिळतात त्या रेषेवर टेकवायचे आणि जागच्या जागी हलकेच हलवायचे. आडवं खसाखसा घासलं की हिरडी खाली सरकते. दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, झोपेत लाळ कमी सुटते. आठ-दहा दिवसांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं तर दातांवर किटण, म्हणजे घट्ट झालेला थर, बसलंय, ते दवाखान्यातच निघतं.

उलटी झाली की मात्र लगेच ब्रश नको. पोटातल्या आम्लानं दाताचं वरचं कवच मऊ पडलेलं असतं, ब्रशनं ते खरवडलं जातं. पेलाभर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालायचा, चूळ भरून थुंकायचं आणि तासाभरानं ब्रश करायचा. ब्रशनंच मळमळत असेल तर लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश घ्यावा.

(दृश्य: अंगणवाडी. ताटात भात, अंडं, चिक्की.)

गरोदर बायकांना अंगणवाडीत जेवण देणाऱ्या, 2017 साली सुरू झालेल्या कर्नाटकच्या मातृपूर्ण योजनेच्या जेवणात शेंगदाण्याची चिक्की आली. घरी डिंकाचा लाडू असतो, गोकाकचा करदंट, म्हणजे सुकामेवा आणि गुळाची मिठाई, असतो. खाणं चांगलंच आहे, पण गूळ दाताच्या खाचेत तासन्‌तास चिकटून राहतो. जेवणाबरोबर खावं आणि वर खळखळून चूळ भरावी. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, ही समजूतही सोडून द्यावी. दातातलं कॅल्शियम रक्तात परत जात नाही. दात किडतो तो गोड, चिकट थर आणि आम्ल यांमुळे.

(दृश्य: बेळगाव, दंत महाविद्यालयाची ओपीडी. खुर्ची, उशी.)

खानापूरहून बेळगाव सुमारे 25 किलोमीटर. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा, पण दाढ ठणकत असेल, सूज असेल तर कोणत्याही महिन्यात जायचं. उजव्या कुल्ह्याखाली ही उशी बघा. बाई थोडी डावीकडे कलते, मोठ्या शिरेवर पोटाचा भार येत नाही, चक्कर येत नाही. भूल देणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन चालतं. गरज असेल तर शिशाचा एप्रन घालून एक्स-रेही काढता येतो.

घात होतो तो औषधांच्या दुकानातून स्वतःच आणलेल्या गोळ्यांनी. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकं नको. बाळाचे दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून घट्ट व्हायला लागतात आणि टेट्रासायक्लिनचा डाग त्यांत कायमचा बसतो. 20 आठवड्यांनंतर आयबुप्रोफेन ही दुखणं थांबवणारी गोळीही नको. डॉक्टर सांगतील तेवढी पॅरासिटामॉल चालते.

(दृश्य: आशा कार्यकर्तीच्या हातात तायी कार्ड.)

तायी कार्ड म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासणीचं कार्ड. त्यावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिलं जातं. त्याच भेटीत ओठ वर करून हिरडी दाखवायला अर्धा मिनिट लागतो. दोन दातांमध्ये लाल, मऊ गाठ दिसली तरी घाबरायचं नाही. ती कर्करोगाची नसते, बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप बसते. नाही बसली, तर बाळाला लस टोचायला आणाल त्याच दिवशी दंतवैद्यांनाही दाखवून जा.