तुकुनारे: आधी पाणी, मग तारीख

[दृश्य: छोट्या विमानातून रिओ नेग्रो. काळं पाणी, पांढऱ्या वाळूचे पट्टे, बेटंच बेटं.]

ही रिओ नेग्रो, ॲमेझॉनची उपनदी. हे पाणी काळं आहे, पण घाण नाही. जंगलातल्या पाल्यापाचोळ्याचा अर्क उतरून त्याला कोऱ्या चहाचा रंग आलाय. ते इतकं आम्लधर्मी आहे की डासांच्या अळ्या त्यात फारशा टिकत नाहीत. ब्राझीलमधल्या मनाउसपासून वायव्येला सुमारे ४०० किलोमीटरवर बार्सेलोस गाव आहे आणि त्याच्या भोवती मारिउआचा द्वीपसमूह, हजाराहून जास्त बेटांचा. फ्लाय फिशिंग करणारे, म्हणजे केसांच्या-पिसांच्या नकली आमिषाने (फ्लायने) मासे पकडणारे, इथे येतात ते एका माशासाठी. इथले लोक त्याला तुकुनारे म्हणतात, बाहेरचे पीकॉक बास.

[दृश्य: मासा पाण्यातच, शेपटीवरचा ठिपका जवळून.]

नावात बास असला तरी हा मासा बासच्या कुळातला नाही. तो सिक्लिड आहे. उजनीची चिलापी आणि कोकणातल्या खाड्यांमधलं काळुंदर हे त्याचे दूरचे भाऊबंद. शेपटीवरचा सोनेरी कड्याचा काळा डोळा बघा, मोराचं नाव त्यावरूनच पडलं. याची सगळ्यात मोठी जात सिक्ला टेमेन्सिस. गळाने पकडलेल्या माशाचा जागतिक विक्रम १३.१९ किलोचा आहे, २०१० सालचा, याच नदीवरच्या सांता इझाबेलचा.

[दृश्य: झाडांच्या खोडांवर, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, पाण्याची रेघ.]

सहलीचं सगळं नियोजन या रेघेत आहे. मनाउसच्या बंदरावर १९०२ पासून नदीची उंची मोजतात. जून २०२१ मध्ये ती ३०.०२ मीटर होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये १२.११. नदी चढली की पाणी जंगलात शिरतं. अशा बुडालेल्या जंगलाला इथे इगापो म्हणतात. तुकुनारेही झाडांमध्ये शिरतो आणि तिथे फ्लाय पोचत नाही. पाणी उतरलं की तो पात्रात आणि वाळूच्या काठालगतच्या डोहांत येतो. म्हणून रजा आधी टाकून मग नदी शोधू नका. आधी पाणी बघा, मग तारीख ठरवा.

इथे एक चूक हमखास होते. लोक मनाउसचे आकडे बघून बार्सेलोसची सहल ठरवतात. मनाउसला सोलिमोइस नदीचा, म्हणजे ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहाचा, फुगवटा मागे दाबत येतो, त्यामुळे तिथला तळ साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. बार्सेलोसकडे पाणी त्यानंतर, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास, तळाला जातं. जुलै-ऑगस्टमध्येच जायचं असेल तर नेग्रो सोडा आणि दक्षिणेकडच्या मदेइरा नदीच्या उपनद्या बघा. त्या आधी उतरतात.

शिवाय रेपिकेते, म्हणजे अवेळी चढणारं पाणी. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की उतरणारी नदी दोन-तीन दिवसांत पुन्हा चढते. मासे विखुरतात, आठवडा वाया जातो. यावर एकच उतारा आहे: एका जागी खिळलेल्या निवासाऐवजी जागा बदलू शकणारी राहण्याची बोट घ्या. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: पाणी चढलं तर बोट कुठल्या उपनदीत वर नेणार? उत्तर देताना माणूस अडखळला तर दुसरा बघा.

२०२३ आणि २०२४ च्या दुष्काळात पाणी इतकं आटलं की नावा वाळूत रुतल्या आणि काठची गावं तुटली.

[दृश्य: टेबलावर मांडलेलं सामान.]

भारतातून जाणाऱ्यांनी आधी पिवळ्या तापाची लस घ्यावी. ती फक्त ठरवून दिलेल्या केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परतताना विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. आणि छोट्या विमानात सामानाचं वजन मोजतात. अनेक ठिकाणी मर्यादा १५ किलोच्या आसपास असते, म्हणून चार तुकड्यांचे रॉड आणि कमी कपडे.

नऊ फुटी रॉड दोन: एक आठ वजनी, एक दहा वजनी (रॉड किती जड लाइन फेकतो त्याचा हा क्रमांक). मोठी फ्लाय हलक्या रॉडने फेकता येत नाही आणि संध्याकाळपर्यंत खांदा जातो. लाइन, म्हणजे फ्लाय फेकायची जाड दोरी, उष्ण कटिबंधाचीच हवी. थंड पाण्याची लाइन तीस अंशाच्या पाण्यात मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांत चिकटते. एक तरंगती, एक हळूहळू बुडणारी.

लीडरला, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या तुकड्याला, निमुळती गाठाळ रचना नको. ५० पौंडी तंगुसाचा सहा फुटांचा सरळ तुकडा पुरे. हा मासा तंगुसाला बुजत नाही, पण गळ लागला की पहिल्या दोन सेकंदांत बुडक्या लाकडांत घुसतो. बारीक तंगूस तिथे तुटतं आणि मासा तोंडात गळ घेऊन फिरतो. पिरान्याने तंगूस कुरतडलंय का, तेही दर अर्ध्या तासाने बोटाने चाचपा.

फ्लाय चार ते सात इंची, बकटेलच्या (हरणाच्या शेपटीच्या केसांच्या), ३/० किंवा ४/० आकाराच्या गळावर. पांढरी-लाल आणि पिवळी-हिरवी हे दोन रंग भरपूर ठेवा. निदान दोन डझन लागतात, कारण पिरान्या शेपट्या तोडून नेतात. प्रत्येक गळाचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून सपाट करा, तिथे पोचल्यावर राहून जातं. बोटांना पट्टी लावा, लाइन कातडी सोलते.

[दृश्य: पाण्याचा स्फोट. संथ गतीत पुन्हा.]

पंधरा मीटरची फेक, दोनच झोक्यांत. जाण्याआधी महिनाभर एवढाच सराव करा. फ्लाय जोरात ओढत राहायची, थांबायचं नाही. मासा धडकला की रॉड वर उचलायचा नाही. ट्राउट पकडताना लागलेली ही सवय इथे घात करते, फ्लाय तोंडातून निसटते. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवा आणि लाइनच्या हाताने करकचून ओढा, दोनदा. मग लाइन सोडू नका, त्याला लाकडापासून दूर वळवा.

[दृश्य: पृष्ठभागावर भुरभुर, पाऊस पडत असल्यासारखी.]

हा पाऊस नाही. ही पिल्लं आहेत आणि खाली त्यांचे आईबाप राखण करताहेत. तुकुनारे पिल्लांना कित्येक आठवडे सांभाळतो, म्हणून अशा जागी तो कशावरही तुटून पडतो. इथे फ्लाय टाकूच नये. नकळत लागलाच तर लगेच आणि त्याच जागी सोडा. बोटीत घालून पुढच्या डोहात नेलात तर पिल्लं तासाभरातही उरणार नाहीत.

हात ओले करा. जबड्याने लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली आडवा द्या. आपला श्वास रोखता येईल तेवढाच वेळ पाण्याबाहेर. आसपास बोतो, म्हणजे गुलाबी डॉल्फिन, दिसत असेल तर मासा काठालगतच्या उथळ झाडोऱ्यात धरून ठेवा. दमलेला मासा बोतो लगेच उचलतो. शेपटीने स्वतःहून हिसका दिला की हात काढा.

[दृश्य: मोकळा हात, काळं पाणी. भुरभुर पुन्हा सुरू.]