रविवारी मोजलेल्या गाठी

श्रोतेहो, नमस्कार. आज रक्ताबद्दल बोलायचंय. पण आधी एका रविवारची गोष्ट सांगते, मला ती फार आवडते.

कॅनडातलं टोरांटो, साल 1960. कर्करोगावरच्या संशोधन संस्थेत दोघं एकत्र काम करत होते. अर्नेस्ट मॅककुलक डॉक्टर, जेम्स टिल भौतिकशास्त्रज्ञ. आपल्याकडे बारावीनंतर शाखा वेगळ्या झाल्या की मुलं पुन्हा एका टेबलाशी बसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. असो. किरणोत्सर्गाने उंदरांची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मऊ भाग, मारायची, मग दुसऱ्या उंदराच्या मज्जेतल्या पेशी मोजून टोचायच्या, असा प्रयोग चालला होता. दहा दिवस झाले, आणि नेमका रविवार आला. मॅककुलक एकटेच गेले. पाहतात तर प्लीहेवर, म्हणजे पानथरीवर, बारीक बारीक गाठी! त्यांनी त्या मोजल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या, तितक्या जास्त गाठी. कागदावर आलेख काढला आणि सोमवारी टिलना दाखवला. साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ. लक्षात ठेवा, दहा हजारांत एक! त्या एकाच गाठीत तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स बनवणाऱ्या पेशी, सगळ्या नांदत होत्या. आणि 1963 मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी दाखवलं की अख्खी गाठ एकाच पेशीची संतती असते.

मग एका पेशीची लेकरं तांबडी की पांढरी, हे ठरवतं कोण?

ठरवतात काही प्रथिनं, ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. ती डीएनएवर बसून कोणतं जनुक वाचायचं ते सांगतात. त्यातलं एक गाटा-वन. जी, ए, टी, ए अशी अक्षरं असतील तिथे ते बसतं, म्हणून हे नाव. गावावरून आडनाव पडावं तसं! गाटा-वन पेशीला तांबडी करायला नेतं, आणि पीयू-वन नावाचं असंच दुसरं प्रथिन पांढरीकडे. आणि दोघं एकमेकांना दाबतात. पुन्हा सांगते, गाटा-वन तांबडी, पीयू-वन पांढरी.

बरीच वर्षं वाटे, या दोघांच्या झटापटीतच पेशीची वाट ठरते. 2016 मध्ये उंदराच्या जिवंत पेशींत दोन्ही प्रथिनांना चमकती खूण लावून, दिवसचे दिवस त्यांच्यावर नजर ठेवली गेली. तेव्हा दिसलं, की ही झटापट सुरू होण्याआधीच पेशीने वाट धरलेली असते. ही दोघं ती पक्की करतात.