एनबीए ड्राफ्टमध्ये वरचा नंबर मिळवण्यासाठी किती मोजावं?

नमस्कार मंडळी. आज एका सौद्याबद्दल बोलायचं आहे, जो मला पहिल्या दिवसापासून चुकीचा वाटत आला आहे.

जून २०२५. ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट चालू आहे. संघ आपापल्या नंबरप्रमाणे नवे खेळाडू निवडतायत. न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सकडे २३ वा नंबर आहे. त्यांना हवाय मेरीलँड विद्यापीठाचा डेरिक क्वीन. पण २३ पर्यंत थांबलं तर दुसरं कोणीतरी त्याला उचलेल, ही भीती. म्हणून त्यांनी अटलांटा हॉक्सकडून १३ वा नंबर घेतला. बदल्यात स्वतःचा २३ वा दिला आणि वर २०२६ चा पहिल्या फेरीचा पिकही (निवडीचा हक्क) देऊन टाकला. तोही कसा? पेलिकन्सचा आणि मिलवॉकीचा, या दोघांतला जो वरचा ठरेल तो. कसलीही अट न घालता.

ज्यांनी ड्राफ्ट कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आयपीएलच्या लिलावात पैसे शिल्लक असतील तर बोली लावता येते. इथे बोलीच नाही. ३० संघ, दोन फेऱ्या, ज्याचा नंबर येईल त्याने नवा खेळाडू निवडायचा. निवडीच्या या हक्काला म्हणतात पिक. दुबळ्या संघांना साधारण आधी संधी मिळते, पण अगदी वरचे चार नंबर लॉटरीने ठरतात. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबरची सारखीच, म्हणजे १४ टक्के संधी असते. आणि २०२५ मध्ये पहिला नंबर मिळाला डॅलसला, ज्यांची संधी होती १.८ टक्के! त्यांनी कूपर फ्लॅगला घेतलं.

आता हे लक्षात ठेवून पेलिकन्सकडे पुन्हा बघा. आदल्या मोसमात या संघाने ८२ पैकी २१ सामने जिंकले होते. असा संघ पुढच्या वर्षीचा पिक देतो, तेव्हा तो नक्की काय देतोय हे त्यालाच ठाऊक नसतं. विसावा नंबर असू शकतो, पहिलाही असू शकतो. नव्या मोसमात २ विजय आणि १० पराभव झाल्यावर, नोव्हेंबरमध्येच, प्रशिक्षक विली ग्रीन यांना काढावं लागलं. संघ हरत राहिला की दिलेल्या पिकची किंमत वाढत जाते, आणि ती वाढ जाते अटलांटाच्या खिशात. क्वीनवर माझा राग नाही. पोरगा गुणी आहे, उंचापुरा असून पास सुरेख देतो. प्रश्न त्याच्यासाठी मोजलेल्या किमतीचा आहे.

किंमत बांधून ठेवता येते. पिक देताना अट घालता येते की तो पहिल्या पाचात आला तर आमच्याकडेच राहील. याला प्रोटेक्शन म्हणतात. २०१८ मध्ये डॅलसने नेमकं हेच केलं. त्यांचा नंबर होता पाचवा, अटलांटाचा तिसरा. तिसरा मिळवण्यासाठी डॅलसने आपला पाचवा नंबर आणि २०१९ चा पिक दिला, पण तो पिक पहिल्या पाचात आला तर नाही या अटीवर. तो निघाला दहावा. आणि हाती काय आलं? ल्यूका डॉन्चिच. १९ वर्षांचा मुलगा, पण रियाल माद्रिदकडून मोठ्या माणसांच्या युरोलीगमध्ये खेळून, ती जिंकून, त्याच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. याहून मोठा पुरावा काय हवा? तरी वरच्या दोन संघांनी त्याला सोडलं. डॅलसने पुराव्यावर विश्वास ठेवला आणि २०२४ मध्ये ते अंतिम फेरीपर्यंत पोचले. अटलांटाला मिळालेला ट्रे यंगही चांगलाच खेळाडू, त्याने २०२१ मध्ये संघाला पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत नेलं. पण दोघांतून एक निवडायचा तर मी दहा वेळा ल्यूकालाच घेईन. (त्याच ल्यूकाला डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकर्सला देऊन टाकलं, ते मला अजून पचलेलं नाही. तो विषय वेगळा.)

बरोबर एक वर्ष आधी, २०१७ मध्ये, जवळजवळ अशाच सौद्याचा शेवट अगदी उलटा झाला होता. फिलाडेल्फियाकडे तिसरा नंबर, बॉस्टनकडे पहिला. फिलाडेल्फियाने तिसरा नंबर आणि भविष्यातला एक पिक देऊन पहिला घेतला आणि मार्केल फुल्ट्झची निवड केली. तेव्हा बहुतेकांच्या यादीत तोच अव्वल होता. त्याच्या कॉलेज संघाने मात्र त्या मोसमात ९ सामने जिंकले होते आणि २२ हरले होते. पुढे खांद्याचं दुखणं सुरू झालं, चेंडू फेकायची त्याची सगळी पद्धतच मोडली. पहिल्या मोसमात तो १४ सामने खेळला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये संघाने त्याला ऑरलँडोला दिलं. दुखण्याचा दोष त्या मुलाचा नाही, संघाला ते आधी कळायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही.

पण एक प्रश्न विचारायलाच हवा होता: बॉस्टन पहिला नंबर का विकतंय? कारण बॉस्टनचा कारभार बघणाऱ्या डॅनी एंज यांना जेसन टेटम हवा होता, पहिल्या नंबरवर असते तरीही. दोन पायऱ्या खाली उतरून त्यांना तोच खेळाडू मिळाला, वर एक पिक फुकट. टेटमने २०२४ मध्ये बॉस्टनला विजेतेपद मिळवून दिलं.

आणि बॉस्टनकडे तो पहिला नंबर आला कुठून? ते तर त्या मोसमात ५३ सामने जिंकलेला संघ. तो आला ब्रुकलिनकडून. २०१३ मध्ये ब्रुकलिनने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स या उतारवयातल्या खेळाडूंसाठी पुढचे पिक बिनशर्त देऊन टाकले होते. खेळाडू थकले, संघ कोसळला, आणि एकेक वरचा नंबर बॉस्टनच्या झोळीत पडला. २०१६ च्या तिसऱ्या नंबरवर त्यांनी जेलन ब्राउनला घेतलं. २०२४ च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच. हा इतिहास लीगमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. मग पेलिकन्सने २०२५ मध्ये बिनशर्त पिक कसा काय दिला?

लीगने याला थोडी वेसण घातली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिकमागून पिक उधळले, तेव्हापासून सलग दोन वर्षं पहिल्या फेरीचा एकही पिक उरणार नाही असा सौदा करता येत नाही. पण एका वर्षाचा पिक गमावूनही संघ बुडू शकतो.

आता तुम्ही विचाराल, मग कोणी वर सरकूच नये का? तर नाही, जरूर सरकावं. फक्त किंमत आज, टेबलावर, पूर्ण दिसली पाहिजे. सॅन अँटोनिओने २०११ मध्ये जॉर्ज हिल हा चांगला, वापरातला खेळाडू इंडियानाला दिला आणि १५ व्या नंबरचा कवाय लेनर्ड घेतला. काय जातंय ते त्यांना पुरतं माहीत होतं. तीन वर्षांनी लेनर्ड अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आज दिसणारी किंमतही जड पडू शकते, हे खरं. १९९८ मध्ये मिलवॉकीने डॅलसला नववा आणि १९ वा नंबर देऊन सहावा घेतला, रॉबर्ट ट्रेलरसाठी. खाली उतरलेल्या डॅलसला नवव्या नंबरवर मिळाला डर्क नोवित्स्की, जो पुढे २१ मोसम त्यांच्याकडेच खेळला आणि २०११ चं विजेतेपद देऊन गेला. म्हणून मी म्हणतो, तीन-चार पायऱ्या चढण्याआधी पारख पक्की हवी. ती नसेल तर आहात तिथे थांबा आणि मिळेल तो खेळाडू घडवा.

पारखीचं माझं आवडतं उदाहरण आहे यूटा. २०१३ मध्ये त्यांनी डेन्व्हरला ४६ वा नंबर आणि थोडे पैसे देऊन २७ वा घेतला: रुडी गोबेर, चार वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू. २०१७ मध्ये पुन्हा डेन्व्हरकडेच गेले, २४ वा नंबर आणि ट्रे लाइल्स देऊन १३ वा घेतला: डोनोव्हन मिचेल. दोन्ही वेळा खर्च किरकोळ, आणि भविष्यातला एकही पिक गेला नाही.

पण दोनदा फसलेल्या डेन्व्हरचं काय झालं तेही ऐका. या दोन सौद्यांच्या मधल्या काळात, २०१४ मध्ये, त्यांनी ४१ व्या नंबरवर सर्बियाचा एक जाडजूड, संथ वाटणारा मुलगा निवडला होता. निकोला योकिच. २०२३ मध्ये डेन्व्हर विजेता ठरला. यूटाला पहिलं विजेतेपद अजून मिळवायचं आहे.