नव्या पिकअपचं ऑइल जातं कुठे?

(नारायणगाव येथे पिकअपमालक आणि चालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की आपल्याकडे नव्या पिकअपांना हार पडायला लागतात. आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यातलाच कुणीतरी गॅरेजात येऊन हळू आवाजात विचारतो, "नवी गाडी ऑइल खाते का हो?" नवी गाडी ऑइल खाते म्हणजे शोरूमवाल्याने आपल्याला गंडवलं, असं त्याच्या मनात असतं.

तर खाते. जुनीही खाते, नवी जरा जास्त खाते. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर नसेल तर पिस्टन जागेवर धरेल, आणि थर आहे म्हटल्यावर डिझेलबरोबर त्यातलं थोडं जळणारच. प्रश्न आहे तो किती खाते आणि हळूहळू कमी होतंय का, एवढाच.

कारखान्यात बोअर, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक, तयार झाला की शेवटी त्याला होनिंग करतात, म्हणजे आतून दगडाने घासतात. आतून बघितलंत तर भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतील. आपल्या आया-आज्या पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायच्या ना, तसंच हे. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि रेघांच्या कडांवर रिंगा घासून एकमेकांना बसतात. पिस्टनला तीन रिंगा. वरच्या दोन कॉम्प्रेशनच्या, तिसरी ऑइल रिंग, भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवणारी. नव्या गाडीत रिंग आणि बोअर यांची अजून ओळख व्हायची असते, म्हणून थोडं ऑइल वर निसटतं.

आता मुख्य गोष्ट. वरची रिंग बोअरला दाबून कोण धरतं? तिचा स्वतःचा ताण अगदी थोडा. खरा जोर लावतो तो जळलेला गॅस. तो रिंगेच्या वरून तिच्या पाठीमागच्या खाचेत शिरतो आणि रिंगेला बाहेर, भिंतीकडे रेटतो. म्हणजे इंजिनवर लोड आला की दाब वाढतो, आणि दाब वाढला की रिंग बसते. गाडी तासभर न्यूट्रलला घरघरत ठेवली तर दाबच नाही. रिंग नुसती तरंगते, ऑइल वर येतं, अर्धवट जळतं आणि त्याचा चिकट लेप त्या रेघांमध्ये बसतो. बोअर काचेसारखा चकचकीत होतो. मेकॅनिक म्हणतात, बोअर ग्लेझ झाला. एकदा तसा झाला की पुढे कितीही पळवा, रिंगा बसायला तयार नसतात. इंजिन खोलून पुन्हा होनिंग मारणं, हाच उपाय उरतो.

म्हणून "नवी गाडी आहे, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, माल भरायचा नाही" हा सल्ला मला अर्धाच पटतो. तो ज्या काळात आला, त्या काळी बोअरचं काम आजच्याइतकं साफ नसायचं. आज बोअर जवळजवळ तयार होऊनच येतो. उलट, आता बऱ्याच कारखान्यांत नवं इंजिन डिझेल न जाळता, विजेच्या मोटरने फिरवून तपासतात. म्हणजे रिंगांना खरा दाब पहिल्यांदा लागतो तो गाडी पेटल्यावर, आणि बहुतेक तुमच्याच हातात. नव्या गाडीला जपायचं म्हणून आळीत उभी करून चालू ठेवणारे लोक मी बघितले आहेत. गाडीवरचं प्रेम खरं, पण ते रिंगांना कळत नाही.

टोयोटाची हायलक्स आपल्या मार्केटात क्रेट वाहताना दिसत नाही, पण तिच्या पुस्तकातल्या सूचना वाचण्यासारख्या आहेत. पहिले ३०० किलोमीटर अचानक ब्रेक मारू नका. पहिले ८०० किलोमीटर मागे ट्रेलर ओढू नका. पहिले १,००० किलोमीटर फार वेगात नेऊ नका, एकदम पिळू नका, खालच्या गिअरमध्ये सतत चालवू नका. आणि एकाच वेगाने फार वेळ चालवू नका! हे शेवटचं सगळे विसरतात. महामार्गावर साठच्या काट्यावर गाडी ठेवून डुलक्या काढत जाणं रनिंग-इनच्या, म्हणजे नवं इंजिन रुळवण्याच्या, कामाचं नाही.

आपल्यासाठी माळशेजचा रस्ता यासाठी छान आहे. वाशीला जाताना भरलेली गाडी घाट उतरते, येताना रिकामी चढते. म्हणजे चढणीला मध्यम लोड आपोआप मिळतो. इंजिन गरम झालेलं असू द्या, तिसऱ्यात घ्या, जरा जोर लावू द्या, मग सोडा. वरच्या गिअरमध्ये धडधडत, कण्हत चढवू नका, गिअर टाका. उतरताना गिअरमध्येच उतरा, न्यूट्रल करू नका. पहिल्या काही खेपा अर्धा-पाऊण माल भरावा, असं माझं मत. पासिंगच्या, म्हणजे कागदावर मंजूर वजनाच्या, वर माल भरण्याबद्दल मी इथे काही बोलत नाही, तुम्ही ऐकणार नाही.

मोजायचं कसं, हे नीट सांगतो, कारण निम्म्या तक्रारी मोजण्याच्या चुकीतून येतात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइल किती उरलंय ते सांगत नाही, प्रेशर गेल्याचं सांगतो. तो पेटेपर्यंत थांबलात तर बेअरिंगला मार बसलेला असेल. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन गरम असताना बंद करा, दहा मिनिटं थांबा. वर गेलेलं ऑइल खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरू द्या. ऑइल मोजायची काडी (डिपस्टिक) काढा, पुसा, पूर्ण आत घाला, मग बघा. उतारावर उभ्या गाडीची काडी खोटं बोलते. दर वेळी जागा तीच, पद्धत तीच, आणि वहीत किलोमीटरसकट नोंद.

किती खाल्लं तर घाबरायचं? टोयोटाच्या पुस्तकात १,००० किलोमीटरला जास्तीत जास्त १ लिटर असं छापलेलं असतं. वाचून डोकं गरगरतं, पण ही कंपनीने स्वतःला ठेवलेली सूट आहे. चांगलं बसलेलं इंजिन त्याच्या कितीतरी खाली राहतं. तरी हिशेब करा. हजाराला ३०० मिली जात असेल, तर ५,००० किलोमीटरला दीड लिटर गेलं. काडीवरच्या दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत एक-दीड लिटरचंच अंतर असतं. म्हणजे सर्व्हिसची वाट बघत बसलात, तर वाटेतच खालच्या खुणेला टेकाल.

आणि याच्या उलटा प्रकार. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं, डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आला. त्यात साठलेली काजळी जाळायला इंजिन अधूनमधून जास्तीचं डिझेल सोडतं. शेत ते मार्केट, मार्केट ते घर अशा छोट्या खेपांमध्ये ते जळणं पुरं होत नाही, आणि त्यातलं काही डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. मग काडीवर लेव्हल वाढलेली दिसते! मालक खूश, गाडी ऑइल खातच नाही म्हणतो. प्रत्यक्षात ऑइल पातळ झालेलं असतं. काडीला डिझेलचा वास आला, किंवा लेव्हल वरच्या खुणेच्या वर गेली, तर गाडी दाखवा आणि ऑइल बदला. पुस्तकातल्याच ग्रेडचं घाला; डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, दुकानदाराच्या हाताशी असलेला कुठलाही डबा चालत नाही.

(एका श्रोत्याने विचारलं : "शोरूमवाले 'लिमिटमध्ये आहे' म्हणून परत पाठवतात, तेव्हा काय करायचं?")

दादा, आधी वही दाखवा. पहिल्या हजाराला ४०० मिली, दुसऱ्याला २५०, तिसऱ्याला १५० असं उतरत असेल तर रिंगा बसताहेत, भांडू नका. आकडा तिथेच अडकलाय किंवा वाढतोय, तर लेखी तक्रार करा आणि ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागा. ते वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून सील करतात, १,००० किलोमीटर चालवून परत मोजतात. त्याआधी फिल्टरच्या बुडाशी आणि टर्बोच्या पाइपाजवळ ओल आहे का ते हात फिरवून बघा, अर्थात इंजिन गार असताना. गळतंय आणि जळतंय या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आणि सील फक्त काडीला लावू देऊ नका. भरायच्या झाकणाला आणि खालच्या ड्रेन प्लगलाही लावून घ्या, फोटो काढा, जॉबकार्डवर किलोमीटर लिहून सही घ्या.