कोळी, दिवा आणि अवकाशातलं जाळं

नमस्कार श्रोतेहो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींशी आज बोलायचंय. घरातल्या मोठ्यांनीही शेजारी बसून ऐका.

विषय आहे अवकाशात करायच्या प्रयोगांचा, आणि तो आता लांबचा राहिलेला नाही. पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाले की पूर्वी वाया जायचा. इस्रो आता त्याच्यावरच प्रयोगांची उपकरणं बसवते, त्याला पोएम म्हणतात. 30 डिसेंबर 2024 ला उडालेल्या यानावर अशी 24 उपकरणं होती. एकात चवळीचे 8 दाणे होते, ते 4 दिवसांत उगवले. मुंबईच्या अॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा गोळा पाठवला, आणि तसाच दुसरा जमिनीवर ठेवला. बंगळुरूच्या आर. व्ही. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी आतड्यातल्या जिवाणूंचा प्रयोग बांधला. म्हणजे हे कॉलेजातली पोरंच करतायत.

यातलं एक वाक्य पक्कं धरा. एक वर, एक खाली. जे वर पाठवाल त्याची जोडी खाली हवीच, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार कसं?

आता मला आवडणारी गोष्ट. 1973 साल. अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनची ज्युडिथ माइल्स, वय वर्षं 17. नासाने शाळकरी मुलांकडून प्रयोग मागवले होते. 3 हजारांहून जास्त प्रस्ताव आले, निवडले 25. ज्युडिथचा प्रश्न अगदी साधा होता: वजनच नसेल तर कोळी जाळं विणेल का? कोळ्याला स्वतःच्या वजनावरून धागा किती जाड काढायचा याचा अंदाज येतो, असं मानलं जात होतं. मग वजन गेलं की काय होईल? एकच प्रश्न, बघा. एकच.

अरॅबेला आणि अनिता नावाच्या दोन कोळणी स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाश स्थानकावर गेल्या. अरॅबेलाला पिंजऱ्यात सोडलं, तर ती हवेत पोहल्यासारखी हातपाय मारू लागली. दुसऱ्या दिवशी तिने कोपऱ्यात कसंबसं काहीतरी विणलं, आणि त्यापुढच्या दिवशी पूर्ण जाळं! धागा मात्र पृथ्वीवरच्यापेक्षा बारीक, आणि त्याची जाडी कुठे कमी तर कुठे जास्त. दोघीही जगल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. जिवंत प्राणी पाठवायचा तर त्याच्या खाण्यापिण्याची सोय प्रयोगाइतकीच काळजीने करायला हवी.

गोष्ट इथे संपत नाही. 2008 साली अवकाश स्थानकावर पुन्हा कोळी गेले. खाद्य म्हणून फळमाश्या दिल्या, त्या इतक्या वाढल्या की त्यांच्या अळ्यांनी समोरची काचच झाकून टाकली आणि कोळी दिसेनासे झाले. 2011 साली परत प्रयोग झाला, दर 5 मिनिटांनी फोटो. पृथ्वीवर कोळी जाळ्याच्या मधोमध बसत नाही. थोडा वर, डोकं खाली करून बसतो, कारण खालच्या दिशेला झेप घेणं सोपं. वर-खालीच नसेल तर जाळं सगळीकडून सारखं व्हायला हवं. काही जाळी तशी झाली, काही मात्र अगदी पृथ्वीवरच्यासारखी! असं का? दिवा. दिवा लागलेला असताना विणलेल्या जाळ्यात कोळ्याची बसायची जागा दिव्याकडे सरकलेली होती. वजन नाही, तर कोळ्याने उजेडालाच 'वर' मानलं. आणि दिव्याचा असा परिणाम होईल हे आधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

म्हणून सांगतो, वहीत सगळं लिहा. दिवा कुठे होता, किती वेळ होता, पंखा चालू होता का. मागच्या वर्षीच्या जर्नलातून आकृत्या उतरवून घेण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. त्यात मुलांच्या डोळ्यांचं नुकसान आहे, ते बघायचंच विसरतात. आपला शेतकरी पेरणीआधी गोणपाटात 100 दाणे गुंडाळून किती उगवले ते मोजतो. जर्नल उतरवणाऱ्यापेक्षा तो जास्त शास्त्रज्ञ आहे.

मी आज विद्यार्थी असतो तर दादर, म्हणजे आपली खानदेशी ज्वारी, घेतली असती. गव्हाच्या नादाने दादरची भाकरी आपल्या ताटातून निघाली, ती परत यायला हवी, हे मी कुठेही सांगतो. तर दादरचे दाणे, आणि एकच प्रश्न: वजन नसताना मूळ ओलाव्याकडे वळेल की उजेडापासून पळेल? पोएमवर पाणी घालायला माणूस नसतो. पाणी आपोआप सुटलं पाहिजे, फोटो आपोआप निघाले पाहिजेत. आणि तिथे पाणी खाली झिरपत नाही, मुळांना चिकटून बसतं, हवा अडवतं. म्हणून आधी पेटी बांधा, झाकण लावा आणि चार दिवस हात लावू नका. आपल्या मे महिन्यातल्या बंद खोलीतही ती आतलं तापमान सांभाळू शकली, तर पुढचा विचार करा. आणि तेव्हाही शेजारी दुसरी पेटी हवीच. एक वर, एक खाली.