उसनं आभाळ

(दुपार. पुळणीच्या टोकाला दुमजली इमारत. स्थिर कॅमेरा. लाटांचा आवाज.)

दुपारचे दोन. आकाश पांढरंफटक, सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. छप्पर अर्धं खाली आलेलं, खिडक्यांना तावदानं नाहीत. याच इमारतीचा एक फोटो करायचाय, पण आत्ता केला तर तो नगरपालिकेच्या पंचनाम्याला जोडण्यापुरता होईल.

म्हणून कॅमेरा पिशवीतच आहे. हा फोटो करणारी फोटोग्राफर, ती, नुसती चालतेय. इमारतीला एक फेरी, मग लांबून एक, मग पार पाण्याच्या कडेने. आम्ही मागून शूटिंग करत होतो आणि तासाभराने आमचे पाय बोलू लागले; ती मात्र अजून मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक पाहत होती.

(भिंतीची जवळून दृश्यं. लोणा. फुटलेल्या तुळईतून डोकावणाऱ्या सळया.)

भिंत जवळून बघा. पोपडे सुटलेत, खाली पांढरा लोणा. लाटांचे तुषार भिंत पिते, पाणी वाळून जातं, मीठ आत राहतं. त्या मिठाचे स्फटिक वाढताना विटेचा कण न् कण सुटा करतात. काँक्रीटची गोष्ट आणखी वाईट. मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं, की लोखंडावरचा संरक्षक थर तुटतो आणि सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. तुळईखालची ही लांब भेग वरच्या वजनाने पडलेली नाही. ती सळईच्या रेषेतच चालते, नीट बघितलं की कळतं.

ही भेग फोटोत दिसली पाहिजे, असं ती म्हणाली. समोरून येणाऱ्या उन्हात भेग दिसणार नाही, भिंत सपाट होते. उजेड बाजूने घासत यायला हवा, म्हणजे संध्याकाळ.

इथे राहणारे केव्हाच उठून गेले. जोत्याला आता उधाणाचं पाणी लागतं.

(पाण्याची कड. पावलांचे ठसे पुसले जातात.)

तिला पाणी हवंय, पण उतरणारं. पाणी मागे गेल्यावर वाळूवर जो ओला पातळ थर राहतो, त्यात इमारत उलटी दिसते. भरती-ओहोटीचं चक्र साधारण १२ तास २५ मिनिटांचं, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सूर्यास्त मात्र आठवडाभरात फारसा हलत नाही. पहिल्या दिवशी भरती दोनला, म्हणजे सूर्य बुडेपर्यंत पाणी फार लांब गेलेलं. तिसऱ्या दिवशी भरती पावणेचारच्या आसपास, आणि सूर्यास्ताला पाणी बरोबर अर्ध्या वाटेवर. तिने तीन संध्याकाळी मागून घेतल्या होत्या, त्या या हिशेबाने.

(ट्रायपॉड. ती गुडघ्यावर बसते. कॅमेऱ्याचा पडदा जवळून.)

आता हे दृश्य मला स्वतःला फार आवडतं, म्हणून थोडं लांब ठेवलंय. कॅमेऱ्याच्या पडद्यावर क्षितिजाची रेघ बघा. ती उभी आहे तेव्हा रेघ इमारतीला दाराच्या वरच्या भागात कापते. ती बसली, रेघ दाराच्या कडीपर्यंत आली. कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आला, आणि क्षितिज जोत्याजवळ उतरलं. क्षितिज नेहमी भिंगाच्याच उंचीला असतं. भिंगापेक्षा जे उंच ते सगळं आभाळावर चढतं. इमारत होती तेवढीच आहे. आपण खाली बसलो, एवढंच.

पण खाली बसून कॅमेरा वर तिरपा केला, की भिंती आत झुकतात आणि इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते. पडकी इमारत खोट्या कारणाने कलती दाखवण्यात काय मजा आहे? तिने कॅमेरा अगदी समतल ठेवला. त्यामुळे क्षितिज चौकटीच्या मधोमध आलं आणि खाली भरपूर वाळू उरली. ती नंतर छाटता येते, झुकलेली भिंत सरळ करताना मात्र चौकटीचे कोपरे जातात.

मग ती डावीकडे सरकली. पाऊलभर, त्यातलंही अर्धं. वरच्या मजल्यावरची डावी खिडकी बघा, आत्तापर्यंत काळी होती. मागची भिंत पडलेली आहे, त्यामुळे एका ठराविक जागेवरून या खिडकीतून पलीकडचं आभाळ दिसतं. सगळ्या काळ्या ढिगात उजेडाचा एक चौकोन. तिथे तिने ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबले, जोर लावून, कारण ओल्या वाळूत प्रत्येक लाटेसरशी ट्रायपॉड केसभर खचतो आणि लांब एक्सपोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला फोटो, हलतं.

(पहिली संध्याकाळ. दुसरी संध्याकाळ. वेगवान दृश्य. रिकामं आभाळ.)

पहिल्या संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्याहून काही नाही.

आमच्यातला एक जण म्हणाला, इमारत मिळाली आहे, आभाळ नंतर टाक. चूक नव्हतं त्याचं. २०२० साली फोटोशॉपमध्ये आकाश बदलायची सोय एका मेनूत आली. तयार ढग, तयार वादळ, निवडा आणि लावा. आणि ही काही आजची पळवाट नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळच्या कोलोडियन काचा, म्हणजे फिल्मऐवजी वापरायच्या रसायन लावलेल्या काचा, निळ्या रंगाला अतिसंवेदनशील होत्या. समुद्र नीट यावा म्हणून वेळ दिला, तर आकाश जळून पांढरं व्हायचं. त्याने काही फोटोंत आकाशाची एक निगेटिव्ह आणि पाण्याची दुसरी घेतली, आणि दोन्ही क्षितिजावर जोडल्या. लोक थक्क झाले.

मग त्याला चाललं ते हिला का नको? ती काही तात्त्विक बोलली नाही. वाळूकडे बोट दाखवलं. तिथे आभाळ पडलेलं होतं. वरचं बदललं तर खालचं बदलायला हवं, खिडकीतलं बदलायला हवं, भिंतीच्या कडांवरचा उजेड बदलायला हवा. एवढं सगळं बदलायचं तर मग इथे ओल्या पायांनी उभं कशाला राहायचं? मला पटलं. ज्याने सुचवलं त्याला अजून पटलेलं नाही.

(तिसरी संध्याकाळ. ढगांचा थर. वारा.)

तिसऱ्या दिवशी चारनंतर ढग आले. जाड, खाली उतरलेले, क्षितिजाजवळ एक फट सोडून. सूर्य त्या फटीतून बाजूने भिंतीवर आला, भेग दिसली, चारेक मिनिटांत सूर्य बुडाला. खरं काम त्यानंतरचं. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंशांवर जातो, तेव्हा आभाळाचा आणि वाळूचा उजेड जवळजवळ सारखा होतो. हा वेळ फार थोडा असतो.

(फिल्टर चढवताना हात. शटरचा आवाज.)

फिल्टरशिवाय शटर १/१५ सेकंद. १० स्टॉपचा एनडी फिल्टर लावला, म्हणजे एक काळी काच. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, त्यामुळे ही काच तो सुमारे १००० पटीने कमी करते. तीच चौकट आता ६८ सेकंद. पडद्यावर बघा, समुद्र गेला. दुधाची साय राहिली. असे फोटो भिंतीवर छान दिसतात, मान्य आहे, पण मला त्यात ओल लागत नाही. तिने ती काच काढली आणि ६ स्टॉपची लावली, ६४ पट. चार सेकंद. परतणाऱ्या लाटेचा फेस रेघा ओढत मागे गेला, आणि त्या रेघा थेट दारापाशी. लाट फुटताना शटर दाबलं तर रेघा मिळत नाहीत, परत फिरताना दाबावं लागतं. हे जमायला तिला अकरा फोटो लागले. मधे दोनदा भिंगावर तुषार. खारं पाणी कोरड्या फडक्याने पुसायचं नसतं, मिठाचा कण काच ओरखडतो. आधी ओलं फडकं.

(घर. संगणकाचा पडदा.)

दुसऱ्या दिवशी संपादन. फाईल रॉ आहे, म्हणजे सेन्सरवरून आलेली तशीच कच्ची, १४ बिट, म्हणजे प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या. साध्या जेपेगमध्ये २५६. काळोखात काम करायचं तर या पायऱ्या लागतात, नाहीतर ढगांत पट्टे दिसतात.

आधी खालची वाळू छाटली. क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात आलं. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची ऊब, ५६०० वरून ४८००, थोडं गार. मग भिंत. इथे बहुतेक जण शॅडोचा स्लायडर उजवीकडे ओढतात आणि आतली प्रत्येक वीट उजेडात आणतात. तसं केलं की पडक्या घराचं खेळण्यातलं मॉडेल होतं. अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे अकरा टप्पे मांडले. भिंत तिने दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर ठेवली, जिथे पोत जेमतेम लागतो. खिडकीचा चौकोन सातव्यावर. मास्क, म्हणजे फोटोच्या तेवढ्याच भागापुरता बदल, फक्त दोन, एक आभाळाला, एक भेगेला.

डीहेझचा, म्हणजे धुरकटपणा काढायचा, स्लायडर तिने उलटा, डावीकडे नेला, अगदी थोडा. समुद्रावरचा धुरकट थर जो तीन दिवस थांबून मिळाला, तो पुसायचा कशाला? सेन्सरवरच्या धुळीचे आभाळातले ठिपके मात्र काढले.

आणि डाव्या कोपऱ्यात वाळूत रुतलेला प्लास्टिकचा डबा. यावर वाद झाला. मी म्हटलं काढ. तिने राहू दिला, फक्त थोडा काळवंडला. हे तिच्याच नियमात बसतं का, मला शंका आहे.

जागेचं नाव इथे सांगितलेलं नाही. असे फोटो पसरले की लोक तिथे पोचतात, आणि ते छप्पर कोणाची वाट बघणारं नाही.

(फोटो पूर्ण पडद्यावर. पंधरा सेकंद. निवेदन नाही.)

(अंगण. नळ. ट्रायपॉडचे सुटे पाय.)

गोड्या पाण्याने प्रत्येक सांधा धुवायचा, उघडा करून. आत मीठ राहिलं तर महिन्याभरात स्क्रू गंजून सांधे धरतात. ती एका हाताने घासतेय, दुसऱ्या हातात मोबाइल. संध्याकाळी याच वेळेला असं उतरतं पाणी पुन्हा सुमारे पंधरा दिवसांनी. तिने तारीख लिहून ठेवली आहे.