काट्यावरचा माणूस गेला, मग मत गेलं

(चंद्रपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय "कोळसा खाणींची घसरण आणि मतदार", पण मला खरं बोलायचंय ते एका माणसाबद्दल. खाण बंद झाली, रोजगार गेला, लोक चिडले आणि त्यांनी पक्ष बदलला, हे आपण टीव्हीवर इतक्यांदा ऐकलंय की तेच खरं वाटायला लागलंय. मला ते पटत नाही, बऱ्याच वर्षांपासून पटत नाही, आणि आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात तर का पटत नाही ते सांगून टाकतो. समोर अर्ध्याहून जास्त मंडळी कॉलरीची, म्हणजे कोळसा खाणीचीच दिसतायत, त्यामुळे टब म्हणजे कोळसा वर आणायची छोटी गाडी, फेस म्हणजे कोळसा फोडायची जागा, यापलीकडे समजावत बसत नाही.

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास तिथे दीड लाखाहून जास्त खाण कामगार होते, गावच्या गावं खाणीभोवती वसलेली, घरं मालकाची, काही ठिकाणी दुकानसुद्धा मालकाचंच. आणि मजुरी टनावर. आता टनावर मजुरी म्हटली की पहिला प्रश्न काय येतो? वजन कोण करतंय! आपल्याकडे जिनिंगवर कापसाची गाडी गेली की शेतकरी आधी काट्याकडे बघतो, तसंच ते. काटा मालकाचा, लिहिणारा मुनीम मालकाचा, आणि कोळसा फोडणारा तिकडे खाली अंधारात. तो आपल्या नंबरचा बिल्ला टबाला अडकवायचा आणि टब वर पाठवायचा, बस. वर टबात दगड जास्त निघाला असं मुनीम म्हणाला की अख्खा टब बाजूला, त्या टबाचे पैसे शून्य. खाली घाम गाळणाऱ्याला ते कळायचं संध्याकाळी.

यावर भांडण करून करून कामगारांनी एक हक्क मिळवला. 1860 च्या कायद्याने तो मिळाला आणि 1887 च्या कायद्याने आणखी पक्का झाला. मालकाच्या मुनीमाशेजारी कामगारांचा स्वतःचा माणूस बसणार, प्रत्येक टबाचं वजन आपल्या वहीत लिहिणार. त्याला म्हणायचे चेकवेमन. निवडून द्यायचे कामगार, त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे, त्यामुळे त्याला काढायचा अधिकार मालकाला नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. अख्ख्या गावात मालकासमोर न घाबरता बोलू शकेल असा हा एकच माणूस! बाकी कोणी तोंड उघडलं तर नोकरीही जायची आणि घरही, कारण घर मालकाचं. याचं काय जाणार?

शिवाय त्याला हिशेब येतो, लिहिता येतं. मग नुकसानभरपाईचा अर्ज त्याच्याकडे, विधवेच्या पैशांचं प्रकरण त्याच्याकडे, घराचं भांडण त्याच्याकडे. ग्राहक सोसायटीचा सेक्रेटरी तोच, बऱ्याचदा रविवारी चॅपलमध्ये प्रवचनही तोच देणार. आणि निवडणूक आली की कोणाला मत द्यायचं हे लोक त्याला विचारणार. ज्याने वीस वर्षं माझ्या टबाचं वजन बरोबर लिहिलं तो मला मताच्या बाबतीत कशाला फसवेल? इतकं साधं होतं ते.

पीटर ली नावाचा माणूस घ्या. 1864 चा जन्म, ट्रिमडन ग्रेंजचा, दहाव्या वर्षी खाणीत उतरला. पुढे व्हीटली हिलला चेकवेमन झाला. आणि 1919 साली डरहॅम काउंटी कौन्सिल, म्हणजे तिथली जिल्हा परिषद, लेबर म्हणजे मजूर पक्षाच्या ताब्यात आली, देशातली पहिली लेबर काउंटी कौन्सिल, तिचा अध्यक्ष हा पीटर ली! खाणीच्या गावांना धड पिण्याचं पाणी नव्हतं, त्यासाठी या माणसाने पुढची कितीतरी वर्षं घातली. पुढे सरकारने तिथे एक नवं शहर वसवलं त्याला त्याचंच नाव दिलं, पीटरली. काट्यावर बसणाऱ्या माणसाच्या नावाने अख्खं शहर, टाळ्या वाजवायला हरकत नाही.

1966 मध्ये राष्ट्रीय करार झाला, टनावरची मजुरी हळूहळू जाऊन ठराविक पगार आला, म्हणजे काट्याचं काम संपलं. पण माणूस नाही संपला. त्याची जागा युनियनच्या लॉजच्या, म्हणजे खाणीवरच्या शाखेच्या, सेक्रेटरीने घेतली, तेच अर्ज, तीच भांडणं, तोच विश्वास.

हे सगळं बघायचं असेल तर जुलैच्या दुसऱ्या शनिवारी डरहॅमला जावं. मी गेलोय. खाण कामगारांचा मेळावा भरतो, 1871 पासूनचा. प्रत्येक खाणीचा रेशमी झेंडा, दोन काठ्यांवर ताणलेला, दोन माणसांना मुश्किलीने पेलतो, पुढे ब्रास बँड. त्या वर्षी खाणीत कोणी दगावलं असेल तर झेंड्यावर काळं कापड टाकायचे. आता तिथे एकही खाण चालू नाही आणि तरी झेंडे येतात, पोरंसोरं उचलतात. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला मी विचारलं, काका, मत कोणाला देता? तो म्हणाला, आधी विचारायची गरजच पडत नव्हती. मग झेंडा आला म्हणून तो टोपी काढून उभा राहिला, आमचं बोलणं तिथेच थांबलं.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. बरं, पळवतो.

आता तारखा बघा. 1984-85 चा खाण कामगारांचा वर्षभराचा संप मोडला, आणि 1993 मध्ये डरहॅममधली ईझिंग्टन खाण बंद, त्याच वर्षाअखेर वेअरमथ, म्हणजे त्या भागातली शेवटची खोल खाणही बंद. राग असेल तर तो तेव्हाच दिसायला हवा ना? 1997 ला ईझिंग्टन मतदारसंघाने लेबरला 80 टक्के मतं दिली. ऐंशी! नोकऱ्या गेल्या होत्या पण सेक्रेटरी अजून गावात होता, निवृत्त का होईना, दार वाजवलं की उघडत होता. मग तो म्हातारा झाला, गेला, आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही कारण ती जागाच उरली नाही. वेअरहाऊसमध्ये एजन्सीमार्फत लागलेल्या पोराचा लॉज कुठला? 2016 मध्ये काउंटीने सुमारे 57 टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडायला मत दिलं. 2019 मध्ये ईझिंग्टनला लेबर वाचली पण 45 टक्क्यांवर, आणि शेजारची सेजफिल्ड, म्हणजे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची जुनी जागा, ज्यात पीटर लीचं ट्रिमडन येतं, ती थेट कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे गेली. काउंटी कौन्सिलमधलं लेबरचं बहुमत 2021 ला गेलं. 2025 मध्ये 98 पैकी 65 जागा रिफॉर्म या नव्या उजव्या पक्षाला, लेबरला चार. खाण बंद होणं आणि मत जाणं यात पंचवीस-तीस वर्षांचं अंतर आहे, म्हणजे एका माणसाचं म्हातारपण.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाचंही तेच. 1950 च्या सुमारास सव्वा लाख खाण कामगार, यंत्रं आली आणि पंधरा वर्षांत निम्म्याहून कमी, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत राज्य 1996 पर्यंत बहुतेक वेळा डेमोक्रॅटिकच राहिलं, कारण युनियनचा दवाखाना होता, पेन्शन होती, ऑफिसात माणूस होता. ते विरळ झालं आणि मग 2000 पासून गाडी उलटी. 2012 ला डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक फेरीत तर ओबामांच्या विरोधात टेक्सासच्या तुरुंगातला एक कैदी उभा होता, त्याला 41 टक्के मतं पडली! हसताय, पण त्या लोकांना विचारायला गावात कोणी उरलंच नव्हतं.

दोन मिनिटांत आपलं. आपल्याकडे कोळसा घटत नाहीये, देशाचं उत्पादन वर्षाला 100 कोटी टनांच्या पुढे गेलंय. घटतोय तो कायम कामगार, कोल इंडियात आज जेमतेम सव्वादोन लाख. भूमिगत खाणी बंद होतायत, ओपनकास्टला, म्हणजे वरून उघड्या खाणीत, माती उपसायचं काम ठेकेदाराकडे, डंपर चालवणारा पोरगा कुठल्या युनियनच्या वहीत आहे सांगा? पगाराची पावती मिळाली नाही तर तो कोणाकडे जातो? नगरसेवकाकडे, नाहीतर ठेकेदाराच्याच माणसाकडे. आणि निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात त्याच्या खोलीवर येणारा माणूसही तोच असतो. हे मला फार लागतं, माझे वडील माजरीच्या खाणीत होते, आमच्या घरी निवडणुकीच्या आधी युनियनचे काका येऊन तासभर बसायचे, आई त्यांच्याशी वाद घालायची, पण बोलणं व्हायचं.

म्हणून बल्लारपूर, माजरी, राजूर, घुग्घूस इथल्या बूथनिहाय निकालांचे फॉर्म 20 मी काढून ठेवलेत. त्यातले कॉलरी कॉलनीचे बूथ कुठले आणि तिथलं युनियन ऑफिस कुठल्या साली बंद पडलं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर पाच मिनिटं थांबा, वही आणलीये. आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, त्यांना आधी माईक द्या.